बेडशाला नेलेली सुरमई

हर्णै बंदर

मी माझा मासा कोणाकडून कापून घेत नाही. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव उरकला की मासे कापणाऱ्या बायका ओळीने बसलेल्या असतात. मासा पुढे टाकला की पोट काढून, तुकडे पाडून पिशवी हातात. अर्धी दापोली त्यांच्याकडून कापून घेते. मी घेत नाही, कारण आपण क्षणभर मान वळवली की पोटाकडचा एखादा चांगला तुकडा कुठे जातो हे त्या बाईला आणि तिच्या मांजरालाच ठाऊक. शाळेत मी जन्मभर मराठी शिकवलं, पण मुलं मला ओळखतात ती कॉपी पकडणारी बाई म्हणून. कोणाचा हात बाकाखाली गेला की माझी नजर आपोआप तिकडे वळते. लोक याला संशयी स्वभाव म्हणतात. मी लक्ष ठेवणं म्हणते.

यंदाच्या थंडीत मी मावळात जाऊन आले, तेही लक्ष ठेवायलाच. माझी मुलगी मानसी तळेगावच्या बाजूला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिचं आणि शेजारच्या आंबीतल्या एका कारखान्यात असलेल्या नितीनचं आपसांत ठरलं होतं. मोठ्यांचा होकार तेवढा राहिला होता. मानसीचे बाबा नाहीत, तेव्हा आमच्याकडून होकार द्यायचा तो मी. नितीनलाही वडील नाहीत, तेव्हा तिकडून द्यायचा तो त्याच्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी. त्यांचं गाव बेडसे. आमच्याकडचं माणूस त्या बाजूला गेलंच तर लोणावळ्याहून चिक्की घेऊन परत फिरतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून आदल्या संध्याकाळी बंदरावर जाऊन एक देखणी सुरमई घेतली. मला न्यायला घरी आलेली मानसी म्हणाली, "आई, इथेच साफ करून घे ना. उद्या दिवसभराचा प्रवास आहे."

"कापलेला मासा कोणी पाहुण्यांकडे नेतं का? उरलासुरला आणल्यासारखा दिसतो."

खरं कारण तिला माहीत होतं. सुरमई अख्खीच्या अख्खी थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर निजली.

घाट चढून लोणावळा

नितीन पहाटे गाडी घेऊन आला. गाडी कोणाची म्हणून विचारलं तर "मित्राची, मावशी" म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की मला वाटलं, हा आणखी मोठं काहीतरी लपवतोय.

माणगाव, पाली मागे पडेपर्यंत मानसी त्याच्या घरच्यांबद्दल बरंच काही सांगत होती. त्यातली एक गोष्ट मी मनात घट्ट धरून ठेवली. नितीनच्या चुलत बहिणीची सुपारी फुटायची होती तेव्हा पाहुण्यांनी आणलेला नारळ नासका निघाला, आणि तात्या भरल्या पंगतीतून उठून गेले. सोयरीक तिथेच मोडली. नितीन गाडी चालवता चालवता ओशाळं हसला. "तात्या जरा कडक हायेत, मावशी. पण मनानं चांगले आहेत." मुलगा कारखान्यात प्रमाण मराठी बोलतो आणि घरची आठवण आली की त्याची जीभ घसरते, हे मी तेव्हाच टिपलं. नारळावरून लग्न मोडणाऱ्या घरात मुलगी द्यायची की नाही, याचा विचार मात्र खोपोलीपासून घाट संपेपर्यंत केला.

लोणावळ्यात चिक्कीची जितकी दुकानं आहेत त्यातलं प्रत्येक दुकान मूळ आहे. एकाला विचारलं, "तुमची मूळ शाखा कुठली?" तो म्हणाला, "हीच." शेजारच्याला विचारलं, तोही "हीच." दोन्ही दुकानांपुढे एकच टेम्पो उभा राहून एकसारखी खोकी उतरवत होता. मी दोन्हीकडून थोडी थोडी चिक्की घेतली आणि गाडीत बसून दोन्ही चाखली. चव एकच होती. मुंबईची माणसं मात्र रांग लावून भांडत होती.

खोक्यातला बर्फ एव्हाना पाणी झाला होता. नितीनने एका रसवंतीतून बर्फाची लादी फोडून आणली.

मी रसवंतीवाल्याला विचारलं, "बर्फ कुठल्या पाण्याचा आहे?"

"पान्याचाच हाय मावशी," तो म्हणाला आणि पुन्हा चरकाकडे वळला.

हे उत्तर मला अजिबात आवडलं नाही. पण माझी सुरमई चकचकीत होती, डोळा फुगीर होता. मी स्वतः बोट लावून बघितलं आणि झाकण लावलं.

बेडसे

कामशेतला हमरस्ता सोडून पवनानगरच्या वाटेला लागलं की मावळ खरा सुरू होतो. भात निघून गेलेली खाचरं, कोपऱ्यात हरभऱ्याचे हिरवे तुकडे, पेंढ्याच्या गंज्या आणि ज्या बाजूला बघाल तिथे डोंगर. आमच्याकडे क्षितिज म्हणजे पाणी. इथे नजर फेकली की कुठल्यातरी किल्ल्याला जाऊन आपटते. पुढे धरणाच्या काठाने शहरी लोकांसाठी तंबूच तंबू ठोकलेले. चांगली घरं सोडून लोक मातीत झोपायला येतात आणि त्याबद्दल आभार मानतात, हेही मी ऐकून घेतलं.

नितीनचं घर डोंगराच्या पायथ्याशी. पुढचा भाग नवा, स्लॅबचा. स्वयंपाकघर मागे, जुनं, चुलीचं. नितीनच्या आईचं नाव मंगल. किडकिडीत बाई, डोक्यावर पदर, बोलणं मोजकं. माझ्या हातातलं खोकं त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं.

"मी कापते," मी म्हणाले. सवयच ती.

"तुमी बसा ताई. पयल्यांदा आलाय. तुमच्या हातात इळी दिली तर गाव हासंल मला."

त्या खोकं घेऊन मागे गेल्या आणि मधलं दार ओढून घेतलं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथे. मासा कापायला दार कशाला लावायचं?

थोड्या वेळाने आतून दबक्या आवाजात हाक आली, "आरं नित्या, हिकडं ये जरा." नितीन आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. त्याने मोटारसायकलला किक मारली.

"कुठे निघालास?"

"कोथिंबीर संपलीय, मावशी."

मी ओसरीवर बसले होते. माझ्या पायांपुढे अंगणात कोथिंबिरीचा वाफा होता. टवटवीत, वीतभर वाढलेला. मी मानसीकडे बघितलं, तर ती मोबाइलमध्ये बघत होती. बराच वेळ गेला. मोटारसायकल आली ती पुढे न थांबता घराला वळसा घालून मागच्या दारी गेली. नितीनच्या हातात पिशवी होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. कोथिंबिरीची पिशवी ठिबकत नाही.

दिवे लागल्यावर तात्या आले. लगतच त्यांचं घर. झुपकेदार मिशा आणि एखाद्याला उलटतपासणीला घ्यावं तशी नजर. माझ्यासारखंच माणूस हे. मला आरशात बघितल्यासारखं झालं आणि मुळीच बरं वाटलं नाही.

"समिंदराकडची मान्सं तुमी," ते म्हणाले. "पोरीला हितं करमंल का?"

"इथे नोकरी करते ती. करमतंयच."

"नोकरी येगळी, नांदणं येगळं."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तेवढ्यात ताटं आली. बाजरीची भाकरी, इंद्रायणीचा वाफाळता भात, ज्याचा वास आमच्या सगळ्या तांदळांना खाली मान घालायला लावेल, आणि माशाचं कालवण. आमच्याकडे ओलं खोबरं आणि कोकम. इथे भाजलेलं सुकं खोबरं, चिंच आणि माझा दाट संशय होता की शेंगदाण्याचं कूटही. रस्सा झणझणीत होता. तात्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"ह्याला म्हंत्यात मासा! आपल्या धरनातल्या कटल्याला ही चव न्हाई."

मीही घास घेतला आणि थांबले. जिभेला काटा लागला. बारीक, दुभंगलेला. मग दुसरा लागला. सुरमईला नुसता मधला कणा. तो काढला की लहान मुलाच्या हातात तुकडा द्यावा. मी रश्श्यात बोट फिरवलं तर नखाएवढं खवलं वर आलं. सुरमईला असलं खवलं नसतं. माझ्या ताटात धरणातला मासा होता, आणि माझी सुरमई या घरात कुठेतरी नाहीशी झाली होती.

शहाण्या बाईने त्या वेळी मूग गिळून गप्प बसावं. मला ते जमत नाही.

"मंगलताई," मी विचारलं, "माझी सुरमई कुठाय?"

तात्यांचा हात ताटातच राहिला. नितीनने खाली मान घातली. मंगलताई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर चाचपला.

"माझ्या हातनं करपली, ताई. लाज वाटली म्हनून सांगितलं न्हाई. मग नित्याला दुसरा मासा आनाया धाडलं."

"करपली?" तात्यांचा आवाज चढला. "पाव्हण्यांनी समिंदराकाठनं आणल्यालं अन्न करपिवलंस? इतकी वर्सं चूल फुकतीस आन एक मासा सांबाळता येईना? आमची लाज घालिवलीस!" ते बराच वेळ बोलत राहिले. मंगलताई ऐकत राहिल्या. शेवटी ताट सारून ते उठले. "होकार-नकाराचं उद्या सकाळी बोलू," म्हणाले आणि गेले.

मानसी त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. मला मात्र एकाच गोष्टीने घेरलं होतं. घरात करपल्याचा वास नव्हता. मासा करपला तर घर चार दिवस सांगत राहतं. धरणाकाठच्या तंबूवाल्यांकडे रोज मासे लागतात, नितीनची मित्रमंडळी तिथे आहेत, हे मानसीनेच सांगितलं होतं. मी दोनात दोन मिळवले. पाहुण्यांचा मासा पहिल्याच दिवशी विकून मोकळं होणाऱ्या घरात मुलगी द्यायची नाही, असं मी अंथरुणावर पडल्या पडल्या ठरवून टाकलं.

लेणी

सकाळी धुकं होतं. तोंड धुवायच्या निमित्ताने मी परड्यात गेले. शेवग्याच्या बुंध्याशी घरचं कुत्रं माती उकरत होतं. मी त्याला हाकललं आणि खाली वाकले. मातीत माझी सुरमई होती. तुकडे केलेली, सगळीच्या सगळी, डोक्यासकट.

मी काडीने एक तुकडा उलटा केला. मांसात एक पांढरट दोरा घड्याळाच्या कमानीसारखा गुंडाळून बसला होता. मी काडी टोचली तर तो सावकाश उलगडला.

मी तशीच उकिडवी बसून राहिले. हा किडा मला नवा नव्हता. आमच्याकडे वाकटीच्या, सुरमईच्या पोटात आतड्यांना असले दोरे चिकटलेले कितीदा बघितलेत. आतडी काढून टाकली की विषय संपतो. मांसात मात्र मी ते पहिल्यांदाच बघत होते.

मागून मंगलताईंचा आवाज आला. "ताई, लेणी बगायला येताय न्हवं? उन्हं तापायच्या आत जाऊ."

मी घाईने पायाने माती लोटली. त्यांनी बघितलं की नाही, कळलं नाही. दोघी पायऱ्या चढू लागलो. मला धाप लागली की त्या काही न बोलता थांबायच्या. वर गेलं की आधी नुसता कातळ दिसतो. त्याच्या चिंचोळ्या फटीतून आत शिरलं की एकदम उंच खांब समोर येतात आणि खांबांवर घोडे, हत्ती, त्यांच्यावर ऐटीत बसलेली माणसं. लेणं पूर्वेला तोंड करून आहे. कोवळं ऊन त्या दगडी माणसांच्या तोंडावर पडलं होतं. मी इतकं सुंदर काही बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं, आणि तरी माझं लक्ष मंगलताईंच्या हातांकडे होतं.

"मासा करपला नव्हता," मी म्हणाले. "मी शेवग्याखाली बघितलं."

त्या खांबाला टेकल्या. "मला ठावं हुतं तुमी बगनार."

"का पुरलात?"

"पोट फाडलं तर आतमदी पांढरं दोरं. हात लावला तर वळवळलं. तुकडं केलं तर मासातबी निघालं. आमी नदीचं मासं खानारी मान्सं, मला काय कळतंय? म्हनलं, किडला. आन तात्या तर यायच्या बेतात. नारळाचं ठावं हाय न्हवं तुमाला? सोयरीक आनताना पाव्हण्यांनी किडं आनलं म्हनलं असतं. पोरांचं मोडलं असतं, ताई."

"मला तरी सांगायचं."

"तुमी एवढ्या लांबनं मायेनं आणल्यालं. तुमची मान खाली झाली असती माझ्या दारात." त्या थोडं हसल्या. "बोलनी खायाची मला सवं हाय."

मला फार लाज वाटली. इतकी की त्या दगडी घोडेस्वारांकडेही बघवेना. बंदरावरच्या बाईने सुरमईचं पोट तिथल्या तिथे काढलं असतं तर ती आतडी संध्याकाळीच मांजराच्या पोटात गेली असती. एका तुकड्याच्या संशयापायी मी मासा अख्खी रात्र आणि वर दिवसभर पोटासकट वागवला होता. माझा एक जुना विद्यार्थी आता मत्स्यशास्त्र शिकवतो. परत आल्यावर त्याला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, या गोलकृमींच्या अळ्या. मासा मेल्यावर वेळ गेला की त्यातल्या काही आतड्यांतून मांसात शिरतात. नीट शिजवलं किंवा बरेच दिवस खोल गोठवलं की मरतात, नुसत्या मीठ-लिंबाने नाही. आणि एखाद्याच्या अंगावर शिजवलेल्या माशानेही गांधी उठू शकतात. पण हे नंतरचं. तिथे मी एवढंच म्हणाले, "मासा सडलेला नव्हता मंगलताई. समुद्राच्या माशात असतात असले दोरे. चूक माझी. मी तो वेळेवर साफ करू दिला नाही."

"म्हंजी उगंच पुरला?" त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग मलाही हसू आलं. त्या चैत्यात आवाज फार घुमतो.

ओसरी

खाली आलो तर तात्या ओसरीवर बसलेलेच होते. मानसी आणि नितीन भिंतीशी उभे. चहा आला तोवर तात्यांनी सुरुवात केली.

"बाई, रातभर इचार केला. तुमीच सांगा. जिथं पाव्हण्यांच्या अन्नाची अशी नासाडी होती, तिथं पोरगी देनार का? मंगलला घर सांबाळता येत न्हाई. उद्या तुमची पोरगी तिच्या हाताखाली काय शिकंल?"

मंगलताईंनी माझ्याकडे बघून किंचित मान हलवली. बोलू नका. मानसीही माझ्याकडे बघत होती. रात्री मला नकार द्यायचा होता आणि आता नकार आयता माझ्या पुढ्यात ठेवला होता. नुसतं गप्प बसलं तरी पुरलं असतं. खरं सांगितलं तर नासक्या नारळासारखं होणार, हेही दिसत होतं.

"मासा करपला नव्हता," मी म्हणाले. "त्यात किडे निघाले. जिवंत किडे. मासा माझा, मी आणलेला. मंगलताईंनी तो पुरला आणि दोष स्वतःवर घेतला, ते तुम्ही ताटावरून उठू नये म्हणून. आता उठायचं तर उठा. पण त्यांना बोल लावू नका."

मानसीने डोळे मिटले. तात्यांनी कप खाली ठेवला.

"मंग," ते म्हणाले, "काल मी काय खाल्लं?"

"धरनातला कटला," मंगलताई पुटपुटल्या.

तात्यांनी मिशांवरून हात फिरवला. "तरीच काटं वळखीचं वाटलं."

नितीनच्या तोंडून फुसकन हसू निसटलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. तात्या हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

"बाई, नारळ नासका निघाला म्हनून मी उठलो न्हवतो. नारळ कुनाचाबी नासंल. त्या मान्सांनी तो गुपचूप पिशवीत कोंबला आन दुसरा पुडं केला. मी डोळ्यांनी बगितलं. लपवाछपवी करनाऱ्यांत पोरगी द्यायची न्हाई म्हनून उठलो." मग ते भावजयीकडे बघून म्हणाले, "आन तू बी लपिवलंस, मंगल?"

"तुमच्या भ्यानं," मंगलताई म्हणाल्या.

एवढाच शब्द होता. तात्यांनी कप उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला. "येवढं भ्या वाटतं माझं?" त्यांनी विचारलं, आणि हे त्यांनी नक्की कोणाला विचारलं ते कळलं नाही. मग ते उठले. ते अंगणात गेले, वाफ्यातली कोथिंबीर मूठभर उपटली आणि मंगलताईंच्या हातात ठेवली.

"पोहे कर पाव्हण्यांस्नी. आन बाई, माझा होकार हाय. पर मला खरी सुरमई खायाची हाय. किडं काडून."

पुन्हा हर्णै

साखरपुडा दापोलीला झाला. आदल्या दिवशी मंगलताई आल्या आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला. बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "पलीकडं डोंगर न्हाई, मग ह्यो थांबतो कुटं?"

संध्याकाळी त्यांना लिलावाला नेलं. तात्यांसाठी सुरमई घेतली. ओळीत बसलेल्या बायकांपैकी एक मला ओळखून हसली. मी तिच्यापुढून नेहमी अख्खा मासा घेऊन जाते हे तिला ठाऊक आहे. मी सुरमई तिच्यापुढे ठेवली.

"कापून द्या. पोट आत्ताच काढा."

तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा माशाकडे बघितलं, आणि कोयता उचलला. मी मंगलताईंना घेऊन चहाच्या टपरीकडे वळले आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. मागे कोयत्याचे आवाज येत होते. मान वळवायची मला इतकी अनावर इच्छा होत होती की मी टपरीवरच्या बरणीतली बिस्किटं मोजत राहिले.

"ताई, च्या निवतोय," मंगलताई म्हणाल्या.

मी चहा प्यायले. पिशवी हातात आली ती तशीच बर्फात ठेवली. घरी आल्यावरही तुकडे मोजले नाहीत.